भांडीं धुणाऱ्या यंत्राची कुळकथा

पंगत उठली, विड्याचीं तबकें फिरूं लागलीं, म्हणजे पाहुण्यांच्या दृष्टीनें मेजवानी संपते. पण घरांतील कोणाचें तरी काम तेव्हांच सुरू होतें. उष्ट्या भांड्यांचा ढीग सर्व देशांत सारखाच, आणि तो उपसणाऱ्याचे कष्टहि सारखेच. हे कष्ट यंत्रावर सोंपविण्याचा प्रयत्न अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकांत झाला. १८५० सालीं जोएल हाउटन या गृहस्थानें एका लांकडी यंत्राचें पेटंट घेतलें. दांडा फिरविला कीं त्यांतील चक्र भांड्यांवर पाणी उडवी. भांडीं भिजत, स्वच्छ मात्र क्वचितच होत.

हें कोडें सोडविलें तें इलिनॉय प्रांतांतील शेल्बीव्हिल गांवच्या जोसेफाइन कॉक्रेन या बाईंनीं. त्यांच्या घरीं मेजवान्या होत, आणि नोकरांच्या हातून चिनी मातीच्या उंची भांड्यांच्या कडा उडत. त्यावरून त्यांना यंत्राची कल्पना सुचली असें सांगतात. १८८३ सालीं पति वारले व मागें कर्ज राहिलें. तेव्हां हौसेची कल्पना चरितार्थाचें साधन बनली. जॉर्ज बटर्स नांवाच्या कारागिराचें साह्य घेऊन त्यांनीं यंत्र सिद्ध केलें, आणि २८ डिसेंबर १८८६ रोजीं त्याचें पेटंट मिळविलें.

बाईंनीं प्रथम बशा व पेले यांचीं मापें घेतलीं, प्रत्येकासाठीं तारेचा खण केला, आणि ते खण तांब्याच्या हंड्यांत आडव्या चाकावर बसविले. चाक फिरे आणि खालून साबणाच्या कढत पाण्याचा मारा होई. भांडें आपल्या खणांत बसलेलें आणि पाणी त्यावर जोरानें आदळणारें, हें त्या शोधाचें मर्म. आजच्या यंत्रांत चाकाऐवजीं पाणी फवारणारे दांडे फिरतात, एवढाच फरक. म्हणूनच वाट्या उताण्या ठेवल्या, बशा एकमेकींना चिकटल्या, किंवा मोठें पातेलें दांड्याच्या आड आलें, तर यंत्र कितीहि वेळ चालवूनहि भांडीं खरकटींच राहतात. मोठें खरकटें आधीं काढून टाकावें. नळाखालीं प्रत्येक भांडें विसळण्याची मात्र जरूरी नाहीं. तळाची जाळी वरचेवर धुवावी.

१८९३ सालच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत या यंत्रानें पारितोषिक मिळविलें, आणि हॉटेलांनीं तें उचलून धरलें. घरांत मात्र त्याचा शिरकाव होईना. यंत्राला पुरेल इतकें कढत पाणी त्या काळच्या घरांत नसे. आणि जड पाण्यांत साबणाला फेंस येत नसे. आजचें यंत्र पाणी स्वतःच तापवितें, आणि बहुतेक वीज त्यांतच खर्चते. म्हणून तें पुरतें भरल्यावरच चालवावें. जड पाण्यासाठीं यंत्राच्या कप्प्यांत त्याचें निराळें मीठ घालावें. जेवणांतलें मीठ तेथें चालत नाहीं. हातानें भांडीं घांसण्याचा साबणहि वापरूं नये, कारण त्याचा फेंस यंत्राबाहेर येतो.

यंत्राची पूड तीव्र क्षारयुक्त असते. ती मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा जागीं कुलुपांत ठेवावी. सुऱ्यांचीं टोकें खालीं करावीं, आणि यंत्र थांबल्यावर वाफ निवूं देऊन मगच दार पुरतें उघडावें. लोखंडी तवा, पितळेचीं व तांब्याचीं भांडीं, लांकडी पोळपाट हीं त्यांत घालूं नयेत. लोखंड गंजतें, पितळ-तांबें काळवंडतें, लांकूड तडकतें.

कॉक्रेनबाई १९१३ सालीं वारल्या. त्यांची कंपनी १९२६ सालीं होबार्ट कंपनीकडे गेली, आणि तिनें १९४९ सालीं किचनएड या नांवानें घरगुती यंत्र बाजारांत आणलें. आपल्याकडे २०२० सालीं साथीमुळें टाळेबंदी झाली, भांडीं घांसणाऱ्या बायांना कामावर येतां येईना, आणि या यंत्राची मागणी एकाएकीं वाढली. जे हात रोज न बोलतां राबत होते, ते थांबल्यावरच त्यांचे श्रम कित्येक घरांना प्रथम दिसले. पूर्वीं बशा वांचविण्यासाठीं सुचलेलें यंत्र असें माणसाच्या कष्टांची आठवण देणारें ठरलें. यंत्र आल्यानें पाटा-वरवंट्याइतकें जड काम हलकें होतें खरें. पण भांडीं रचणें, काढणें व लोखंडी कढई घांसणें उरतेंच, आणि तें एकाच व्यक्तीच्या वांट्याला जाऊं न देणें घरच्या मंडळींच्या हातीं आहे.