वायुगळती आणि कणांची गती

बदलापूर येथील औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यातून ३ जून २०२१ रोजी रात्री दहाच्या सुमारास वायुगळती झाली. परिसरातील रहिवाशांना डोळ्यांची जळजळ व श्वसनाचा त्रास झाला. रासायनिक प्रक्रिया सुरू असताना तापमान प्रमाणाबाहेर वाढल्याचे कारण त्या वेळी देण्यात आले. बंद पात्रातील द्रव वस्तीपर्यंत पोहोचतो कसा, याचे उत्तर पदार्थाच्या कणांच्या गतीत आहे.

कोणत्याही पदार्थाचे कण कधीच स्थिर नसतात. स्थायूमध्ये ते आपापल्या जागी केवळ कंप पावतात. द्रवात ते एकमेकांना धरून असले तरी एकमेकांवरून सरकतात, म्हणून द्रव पात्राचा आकार घेतो. आकारमान मात्र फारसे बदलत नाही. उष्णता मिळाली की कणांची गती वाढते. परस्परांचे आकर्षण तोडण्याइतकी ऊर्जा मिळालेले कण सुटे होतात, तोच वायू. एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १,७०० लिटर जागा व्यापते. ही जागा बंद पात्रात मिळत नाही, दाब वाढत जातो आणि झडपेतून किंवा सांध्यातून वाट काढली जाते.

हवेतील रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने धावतात. तरीही वास क्षणार्धात सर्वत्र पसरत नाही, कारण रेणू पावलोपावली एकमेकांवर आदळून दिशा बदलतात. वायू दूरवर नेण्याचे काम मुख्यतः वारा करतो. त्यामुळे गळतीच्या वेळी वाऱ्याच्या दिशेने पळणे धोक्याचे. वाऱ्याला आडवे जाणेच योग्य.

उल्हासनगरमध्ये २९ नोव्हेंबर २०१४ रोजी वालधुनी नदीत रासायनिक टाकाऊ द्रव सोडण्यात आला आणि काठावरील शेकडो रहिवाशांना त्रास झाला. कारखान्यातील गळती निदान कुंपणाच्या आत सुरू होते. येथे नदीच पात्र बनली. सल्फाइडयुक्त सांडपाण्यात आम्ल मिसळले तर हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. त्याचा रेणुभार ३४, हवेचा सरासरी २९. हवेपेक्षा जड असा वायू वारा पडलेला असताना सखल भागात, नाल्याकाठच्या तळमजल्यांत साचून राहतो. सडक्या अंड्यांसारखा त्याचा वास प्रमाण वाढल्यावर नाकाला जाणवेनासा होतो, हे अधिक घातक. वास थांबला म्हणजे वायू गेला, असे नव्हे.

दिसणाऱ्या पांढऱ्या धुराबाबतही गैरसमज आहे. बहुतेक वायू डोळ्यांना दिसत नाहीत. धुके दिसते ते सूक्ष्म थेंबांचे. अमोनियासारखे वायू पाण्यात सहज विरघळत असल्याने अग्निशमन दलाचे जवान त्यांच्यावर पाण्याचे तुषार मारतात. न विरघळणाऱ्या वायूंवर या उपायाचा तितका उपयोग होत नाही.