पानाची उंची आणि पडद्याची रुंदी

नित्याच्या वापरांतील वस्तूंनाही इतिहास असतो, हें विधान कोणी नाकारीत नाहीं; परंतु वस्तु विकत घेतांना त्या इतिहासाची आठवण ठेवणारे गृहस्थ विरळाच. आम्हीही त्यास अपवाद नव्हतों. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या अभ्यासिकेंतील जुना मॉनिटर निकामी झाला, तेव्हां नवा घेण्यासाठीं आम्ही आमच्या गांवांतील, म्हणजे छत्रपति संभाजीनगरांतील (आमच्या पिढीच्या तोंडीं अद्यापि औरंगाबाद हेंच नांव आधीं येतें), एका दुकानांत गेलों. दुकानदार तरुण आणि विनयशील होता. त्यानें पहिलाच प्रश्न केला, "सर, किती इंची दाखवूं?" आम्ही म्हणालों, "दिवसभर कागदपत्रें वाचावयाचीं आहेत, आणि रात्रीं घरच्या मंडळींबरोबर चित्रपट पाहावयाचे आहेत." तो हंसून म्हणाला, "मग मोठा आणि रुंद घ्या, सर. दोन्ही कामें होऊन जातील."

उत्तर सरळ होतें. पण तें आमच्या मनांत रेंगाळत राहिलें. पडदा रुंद असावा हें ठरविलें कोणीं, केव्हां, आणि कोणाच्या सोयीसाठीं? त्या दिवशीं आम्ही खरेदी न करितांच परतलों, आणि या प्रश्नाचा माग काढीत गेलों. त्यांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मजकूर ज्यावर वाचावयाचा त्या पृष्ठाची आकृति वाचकाच्या डोळ्यानें क्वचितच ठरविली आहे. ताडाचें पान लांब आणि अरुंद, म्हणून आमची पोथी आडवी झाली. आणि ताडपत्र जाऊन कागद आला तरी तिनें आपला आडवेपणा सोडला नाहीं. याच्या उलट किताब उभी, आणि मोडी लिहिणाऱ्या कारकुनाचा बंद तर त्याहूनही लांब. आमच्या गांवापासून दौलताबाद मागें टाकून खुलताबादेच्या वाटेला लागलें, कीं कागझीपुरा हें खेडें लागतें. महंमद तुघलकानें इ. स. १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस हलविली, तेव्हांपासून तेथें हातकागद होत आला, अशी तिकडील परंपरा सांगते. हातकागदाचा ताव केवढा व्हावा, हें शेवटीं लगद्यांतून ओला साचा उचलणाऱ्या मनुष्याचे बाहु ठरवितात. त्यांना जेवढा पेलेल तेवढा साचा. आजचा ए-फोर कागद हाही असाच एका सोयीचा पुत्र आहे. तो इ. स. १९२२ मध्यें जर्मनींत प्रमाणित झाला. त्याच्या बाजूंचें गुणोत्तर एकास दोनाचें वर्गमूळ असें असल्यामुळें, ताव कितीही वेळां दुमडून कापला तरी आकृति तीच राहते व कागद वायां जात नाहीं. त्याची रुंदी २१ सेंटिमीटर आणि उंची २९.७ सेंटिमीटर. हे आंकडे वाचकांनीं ध्यानांत ठेवावेत. पुढें त्यांचें काम आहे.

आतां चित्रांच्या पडद्याकडे वळूं. इ. स. १८९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत एडिसनच्या प्रयोगशाळेंतील डिक्सन यानें ३५ मिलिमीटर रुंदीची फीत घेतली आणि तिच्या कडेच्या चार छिद्रांइतकी उंची एका चित्रास दिली. त्यामुळें चित्राची रुंदी चार तर उंची तीन, असें प्रमाण पडलें. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) याच चौकटींत अवतरला. बोलपट आल्यावर प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) आला तोही जवळजवळ त्याच आकृतींत. टेलिव्हिजननेंही तीच चौकट उचलली. ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञानें इ. स. १८९७ मध्यें केलेल्या किरणनलिकेपासून निपजलेल्या चित्रनलिकेचें तोंड प्रथम वाटोळें होतें, आणि वर्तुळांत चित्र जितकें चौकोनास जवळ तितकी कांच कमी वायां जाते.

परंतु घरोघर टेलिव्हिजन जाऊं लागला, तेव्हां अमेरिकेंतील चित्रपटगृहें ओस पडण्याची भीति उत्पन्न झाली. घरीं मिळणार नाहीं असें कांहीं द्यावें, म्हणून इ. स. १९५३ मध्यें सिनेमास्कोप हा अतिरुंद पडदा आला. आपल्याकडे गुरुदत्त यांनीं १९५९ सालीं 'कागज़ के फूल' या चित्रपटासाठीं तो स्वीकारला. पुढें १९८० नंतरच्या दशकांत नव्या टेलिव्हिजनसाठीं एकच आकृति हवी होती. कर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्यानें प्रचलित चित्रचौकटी सारख्या क्षेत्रफळाच्या कापून एकमेकींवर ठेविल्या, आणि त्या सर्वांना सामावणारी चौकट काढली. तीच ही सोळास नवाची चौकट. ही तडजोड उत्तम खरी. पण ती चित्रपटांचे आपसांतील भांडण मिटविण्यासाठीं होती. त्या सभेंत पुस्तकाला आणि दप्तराला निमंत्रण नव्हतें.

संगणकाचा पडदा मुळांत कारकुनी कामाचा. त्याच्या एका ओळींत ऐशीं अक्षरें मावत, याचें कारण इ. स. १९२८ च्या छिद्रपत्राला ऐशीं रकाने होते. या संपूर्ण कथेंत वाचकाचा विचार आधीं झाला, असा एक प्रसंग मात्र आम्हांस सांपडला. इ. स. १९७३ मध्यें झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील संशोधनगृहानें 'आल्टो' नांवाचा संगणक केला. त्याचा पडदा उभा होता. अमेरिकन पत्राच्या कागदाची आकृति त्याला मुद्दाम दिली होती. पुढें घरगुती संगणक स्वस्त करावयाचे, तर टेलिव्हिजनच्या नलिका स्वस्त मिळत होत्या. म्हणून उभें पान मागें पडलें आणि आडवी चौकट रूढ झाली.

आमच्या नागरी लिपीचे हाल त्याहून अधिक झाले. इंग्रजी अक्षराला थोडें वर आणि थोडें खालीं सरकावयास जागा मिळाली कीं पुरतें. मराठी अक्षराला डोक्यावर शिरोरेषा हवी, तिच्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार हवेत, खालीं उकार हवा, आणि जोडाक्षर आलें तर पोटांतही जागा हवी. एकेका अक्षरास आठ बिंदूंच्या उंचीचें घर देणाऱ्या पडद्यावर हा संसार मांडावा कसा? कानपूरच्या आयआयटींत सुरू झालेलें आणि इ. स. १९८८ मध्यें पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें पुढें नेलेलें 'जिस्ट' हें तंत्र आलें, तेव्हां कोठें साध्या संगणकावर मराठी मजकूर नीट उमटूं लागला.

या इतिहासाचा एक अध्याय आमच्या गांवाच्या वेशीबाहेर घडला आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, १९८२ सालीं देशांत रंगीत प्रक्षेपण आलें, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धांत पैठण रस्त्यावरील चितेगांवाचें नांव व्हिडिओकॉनच्या टेलिव्हिजनच्या पाठीमागें छापून देशभर जाऊं लागलें. आमच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांपैकीं कित्येकांचे वडील त्या कारखान्याच्या पाळ्यांवर जात. मुलाची फी केव्हां भरली जाईल, हें तेथील पगाराच्या तारखेवरून आम्हांस सांगतां येई. इ. स. २००५ मध्यें याच उद्योगसमूहानें थॉमसन या फ्रेंच कंपनीचा चित्रनलिकांचा जगभर पसरलेला व्यवसाय विकत घेतला. आमच्या गांवास त्याचा अभिमान वाटला, आणि तो गैर नव्हता. परंतु काळ दुसऱ्याच वस्तूच्या बाजूस उभा होता. राइनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञास १८८८ सालीं आढळलेले द्रवस्फटिक, अमेरिकन प्रयोगशाळांनीं १९६८ सालीं त्यांपासून केलेला सपाट पडदा, आणि जपान, कोरिया, तैवान येथील प्रचंड कारखाने, यांनीं २००८ च्या सुमारास जगाच्या बाजारांत जड कांचेच्या नलिकेस मागें टाकलें. २०१८ सालीं ती कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखालीं न्यायाधिकरणापुढें गेली. तिच्या पतनाचीं कारणें अनेक होतीं आणि तीं सर्वच नलिकेंत नव्हतीं. तरी पडद्याची जात बदलते तेव्हां केवळ दिवाणखान्यांतील शोभा बदलत नाहीं, हें आमच्या गांवानें आपल्या संसारांत पाहिलें आहे.

सपाट पडद्यानें आकृतीचाही निकाल लावला. कांहीं वर्षें संगणकांना सोळास दहाची चौकट मिळत होती. पुढें टेलिव्हिजनच्याच कांचेच्या तक्त्यांतून तुकडे कापणें किफायतशीर ठरलें, आणि २०१० च्या सुमारास सोळास नऊ हीच रीति झाली. म्हणजे आमच्या टेबलावरील रुंद पडदा हा दप्तराच्या गरजेंतून आलेला नाहीं. तो चित्रपटांच्या तहनाम्यांतून आणि कांच कापण्याच्या हिशेबांतून आलेला आहे.

हें समजल्यावर आम्ही दुकानांत पुन्हां गेलों, तेव्हां पिशवींत एक पट्टी आणि ए-फोरचा कोरा कागद होता. पडद्याचे इंच हे कर्णाचे इंच असतात. महाभारतांतील कर्ण देतां देतां रिता झाला. दुकानांतील कर्ण देण्यापेक्षां घेण्यांत अधिक पटाईत आहे. कर्ण तोच ठेवून चौकट जितकी रुंद करावी तितकें क्षेत्रफळ आणि उंची कमी होते. सोळास नवाच्या २४ इंची पडद्याची उंची २९.९ सेंटिमीटर भरते. कागद लावून पाहिला तर तो जेमतेम मावला; पण वरची साधनपट्टी आणि खालची पट्टी आपापला वांटा घेतात, तेव्हां पान कापलेंच जातें. सोळास दहाच्या २४ इंची पडद्याची उंची ३२.३ सेंटिमीटर, आणि २७ इंची रुंद पडद्याची ३३.६. दुकानदारानें कौतुकानें दाखविलेला ३४ इंची अतिरुंद पडदा उंचीला २७ इंचीपेक्षां कणभर कमीच भरला! ज्यांना तीन पानें शेजारीं शेजारीं मांडावयाचीं असतील त्यांनीं तो अवश्य घ्यावा; उंचीसाठीं घेऊं नये.

उंचीइतकेंच महत्त्व बिंदूंच्या दाटीला आहे. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या २४ इंची पडद्यावर इंचास सुमारें ९२ बिंदु पडतात; बारा पॉइंटाच्या मराठी अक्षराचा सगळा मांडव पंधरा ओळींत उभारावा लागतो. ३८४० गुणिले २१६० बिंदूंच्या २७ इंची पडद्यावर इंचास १६३ बिंदु असतात, आणि त्याच अक्षरास सत्तावीस ओळी मिळतात. 'द्ध' आणि 'ध्द' यांतील फरक पाहण्यासाठीं डोळे बारीक करावे लागतात कीं नाहीं, तें येथें ठरतें. आणि घरचा टेलिव्हिजनच मॉनिटर म्हणून वापरूं पाहणाऱ्यांना एक सूचना. मनुष्याचा डोळा रंगाच्या बाबतींत कमी तीक्ष्ण असल्यामुळें टेलिव्हिजनच्या रचनाकारांनीं प्रथमपासून रंगाच्या तपशिलांत काटकसर केली आहे. चित्रांत ती दिसत नाहीं. पण कांहीं टेलिव्हिजनवर रंगीत अक्षरांच्या कडा तिच्यामुळें फुटतात.

मग रात्रींच्या चित्रपटांचें काय? येथें आम्हांस गंमत वाटली. जुने प्रभातपट रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंस काळे पट्टे सोडतात, आणि त्यांना उंच पडदाच अधिक मानवतो. २४ इंची पडद्यांत सोळास दहाचा घेतला तर 'तुकाराम' ४१ ऐवजीं ४४ सेंटिमीटर रुंद दिसतो. सिनेमास्कोप चित्राची रुंदी मात्र दीड सेंटिमीटरहूनही कमी घटते. पडद्याच्या जातींचाही विचार केला. व्हीए जातीचा काळा रंग गडद, म्हणून रात्रीचीं दृश्यें खुलतात. आयपीएस जातीचा तितका गडद नाहीं, पण बाजूस बसलेल्यांनाही रंग खरे दिसतात. घरांतील चार माणसें एका रांगेंत बसणार, म्हणून आम्ही दुसरी जात पत्करली. चकचकीत कांच मात्र नाकारली; मराठवाड्याच्या उन्हांत खिडकीसमोरचा चकचकीत पडदा आरशाचें काम करतो. चित्रपट सेकंदास चोवीस चित्रें दाखवितो. पडदा साठ वेळां उजळला कीं आमच्यासारख्यांना पुरे.

शेवटीं २७ इंची, दाट बिंदूंचा आणि खुंटीवर उभा फिरणारा मॉनिटर आम्ही घेतला. खर्च योजिल्यापेक्षां वाढला, हें लपवीत नाहीं. ज्यांना तो परवडत नसेल त्यांनीं सोळास दहाचा २४ इंची शोधावा. दिवसा आम्ही पडदा उभा करितों. मोडी बंदाचें छायाचित्र त्यावर डोक्यापासून पायापर्यंत एका नजरेंत येतें, आणि आल्टोचें तें उभें पान आमच्या टेबलावर परत आल्यासारखें वाटतें. पहिल्या आठवड्यांत मान मात्र दुखूं लागली. चाळिशीच्या दुहेरी भिंगांतून पडद्याचा वरचा भाग पाहावयाचा, तर हनुवटी उचलावी लागते. तेव्हां पडदा टेबलालगत खालीं घेतला, आणि चष्मेवाल्याकडून साठ सेंटिमीटर अंतराचा एकेरी भिंगांचा चष्मा करून घेतला. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांनीं हा खर्चही मॉनिटरच्या किंमतींतच धरावा.

रात्रीं जेवणें झालीं कीं धाकटी कन्या येऊन पडदा आडवा फिरविते. परवां एक जुना चित्रपट लावला, तेव्हां ती म्हणाली, "बाबा, बाजूला एवढी जागा रिकामी का?" मग तिला डिक्सनच्या चार छिद्रांपासून चितेगांवापर्यंतची सगळी हकीकत सांगावी लागली, आणि चित्रपटाचा पहिला अर्धा तास त्यांतच गेला.