तेरा गावांचा ठराव

रूढी कायद्याने मोडते की मनाने, हा वाद आपल्याकडे १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापासून चालत आला आहे. आफ्रिकेतील स्त्रियांच्या सुंतेचा इतिहास या वादात बरेच काही शिकवून जातो.

मुलीच्या जननेंद्रियाचा काही भाग लहानपणीच कापून टाकणे, ही ती चाल. अनेक समाजांत तिचा हेतू स्पष्टपणे सांगितला जातो: स्त्रीची कामवासना ताब्यात राहावी, तिने लग्नापर्यंत कौमार्य आणि पुढे पातिव्रत्य सांभाळावे. संसारसुखात तिचाही वाटा असतो, हा विचार त्यात कोठेच नाही.

केनियातील मेरू जिल्ह्यात १९५६ साली ‘न्जुरी न्चेके’ या वडीलधाऱ्यांच्या पंचायतीने सुंतेवर बंदी घातली. पंच सारे पुरुष आणि पाठीशी इंग्रज सरकार! माऊ माऊ उठावामुळे त्या सरकारवर लोकांचा रोष होताच. शिवाय सुंतेवाचून मुलगी ‘बाई’ होत नाही, अशी तेथील समजूत. मुलींनी एकमेकींची सुंता स्वतःच केली. त्यांना ‘न्गाइताना’ म्हणजे ‘मी माझी सुंता करीन’ असे नाव पडले. तीन वर्षांत दोन हजारांहून अधिक जणांवर खटले झाले, पण चाल काही थांबली नाही.

सेनेगालमध्ये वेगळे घडले. मॉली मेल्चिंग यांनी १९९१ साली स्थापन केलेल्या ‘तोस्तान’ संस्थेच्या वर्गांत खेड्यातील बायका स्वतःच्या भाषेतून आरोग्य आणि मानवी हक्क शिकत होत्या. ३१ जुलै १९९७ रोजी मालिकुंडा बंबारा गावच्या बायकांनी सुंता सोडल्याचे जाहीर केले. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. तेव्हा केर सिंबारा गावचे वृद्ध इमाम देंबा दियावारा यांनी मर्म सांगितले: आपली सोयरीक ज्या गावांशी, त्या सर्वांनी मिळून ठरविले पाहिजे.

खरी मेख येथेच होती. आया काही निर्दय नव्हत्या. सुंता न झालेल्या मुलीला स्थळ मिळत नसे. म्हणून एकट्या घराने चाल सोडली, तर मुलीचेच नुकसान. दियावारा गावोगाव पायी हिंडले. १५ फेब्रुवारी १९९८ रोजी जाबुगू येथे तेरा गावांनी एकत्र शपथ घेतली. कायदा त्यानंतर, १९९९ साली आला. चाल अजून पुरती गेलेली नाही. पण हजारो गावांनी पुढे तोच मार्ग धरला.

हा विषय केवळ दूरदेशीचा नाही. मुंबई, वडोदरा, इंदूर येथे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शेजारी राहणाऱ्या दाऊदी बोहरा समाजातही मुलींच्या ‘खतन्या’ची चाल आहे. कोणी तिला धर्माचार मानतात. पण त्याच समाजातील काही स्त्रिया आज उघडपणे विरोध करीत आहेत. २०१७ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१८ साली तो मोठ्या खंडपीठाकडे सोपविण्यात आला.

न्यायालयाचा निर्णय महत्त्वाचा ठरेलच. मात्र मेरूच्या पंचांनी मुलींना विचारले नव्हते आणि मालिकुंडात बोलण्याची सुरुवातच बायकांनी केली, हा फरक विसरून चालणार नाही.