शिवणीतला ढेकूण

सांगलीजवळच्या माधवनगरात आमचं गाद्यांचं दुकान आहे. जुनी गादी पिंजायला आली की मी आधी ती बाहेर उन्हात टाकतो आणि टाक्यांच्या खाचांतून नख फिरवतो. काळे बारीक ठिपके दिसले की ती गादी आत येत नाही. एका ढेकणाळलेल्या गादीपायी दहा घरांची झोप उडते. वडील म्हणायचे, "गिऱ्हाइकाला चारचौघांत सांगू नको. बाजूला घेऊन सांग."

इंग्लंडात 1961 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानं किडलेलं घरसामान जाणूनबुजून विकायला व्यापाऱ्याला बंदी केली. आपल्याकडे 1860 च्या दंडसंहितेतलं 269 कलम जीवघेणा रोग पसरवणाऱ्या निष्काळजीपणाला होतं. ढेकूण रोग पसरवत नाही, म्हणून तो त्यातून सुटला. आपल्याकडे अंथरुणाला कायद्याचा हात लागला तो प्लेगात.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग उघडकीस आला. 4 फेब्रुवारी 1897 ला साथरोग कायदा झाला. पुण्यात प्लेग-अधिकारी रँडच्या हाताखालचे सोल्जर घरात शिरून कपडे, अंथरुणं बाहेर काढून जाळू लागले. त्यातली गोधडी म्हणजे आजीची लुगडी, आईची पातळं, एकावर एक घालून धावदोऱ्यानं शिवलेली. ती डोळ्यांदेखत पेटलेली बघणाऱ्या बाईला काय वाटलं असेल, हे मला कुणी समजावून सांगायला नको. लोक दुखणी लपवू लागले, चीजवस्तूही लपवू लागले.

हा साथरोग कायदा ब्रिटिश मुलखाचा. आमच्या शेजारचं तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात, म्हणून त्याखाली. बुधगाव मात्र मिरजेच्या धाकट्या पातीचं, तिथं हुकूम संस्थानाचा. बैलगाडीतल्या वळकटीला ही हद्द कुठली कळायला?

सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं 1898 मध्ये कराचीत प्लेग पसरवणारी म्हणून उंदरावरच्या पिसवेला धरलं. ते सर्वांच्या गळी उतरायला आणखी बरीच वर्षं गेली. म्हणजे 1897 मध्ये गोधड्या जाळणाऱ्यांना आपण नेमकं काय जाळतोय हेच ठाऊक नव्हतं. पिसू कपड्यालत्त्यातून गावोगाव जायची हे खरं. पण घरच्या बाईला विश्वासात घ्यायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या आजींच्या गादीत ढेकूण निघाले. त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "आजी, खोळ जाळावी लागंल." त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या लग्नातल्या लुगड्याची हाय ती." मी काठाचा वीतभर तुकडा कापला, चुलीवर खळखळून उकळला, वाळवला आणि त्यांच्या हातात दिला. बाकीची खोळ त्यांनीच काडी लावून पेटवली.