बाळासाठी पाळणा की कॉट? पुण्याला खरेदीला निघण्याआधी खिशात टेप ठेवा

पुणे : नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांमध्ये माजघराच्या तुळईला लोखंडी कडी असायची. घरात बाळ आलं की माळ्यावरचा लाकडी पाळणा खाली उतरायचा, धुऊन-पुसून कडीला लागायचा आणि बाराव्या दिवशी त्यातच बारसं व्हायचं. आता पेठेतले बरेच वाडे जाऊन तिथे इमारती उभ्या राहिल्या. स्लॅबला पंख्याच्या हुकाशिवाय दुसरं काही नसतं. गावाकडेही माळवदाच्या घराजागी पत्रा आणि लोखंडी अँगल आला. त्यामुळे पेठ असो की वाडी, आज बाळासाठी स्टँडचा पाळणा किंवा कठड्याची कॉट विकत घेण्याकडे कल आहे.

जुन्नर, आंबेगाव, खेडकडची मंडळी वाकडेवाडीला उतरतात, भोर-पुरंदरकडची स्वारगेटला, आणि खरेदीला लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग, नारायण पेठ असा फेरा मारतात. अडचण अशी की आपल्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याच्या वस्तू घरात आणू नयेत असं मानणारी बरीच घरं आहेत. मग बाळंतपण झालं की बारशाच्या आधीच्या दहा-बारा दिवसांत कुणीतरी मामा किंवा काका घाईघाईने जातो, रंग बघतो, भाव करतो आणि कॉट टेम्पोत टाकून आणतो. आधी वस्तू आणायची नसेल तर नका आणू, पण सातव्या-आठव्या महिन्यात जाऊन बघून, मापं घेऊन यायला काय हरकत आहे? पैसे नंतर द्यावेत. दुपारची वेळ मात्र टाळावी, पेठेतली काही दुकानं अजूनही एक ते चार शटर खाली ओढतात.

दुकानात बघायचं काय, तर रंग, चाकं, संगीत वाजवणारं खेळणं हे सगळं शेवटी. आधी टेप काढायची.

दोन गजांमधलं अंतर

कॉटच्या कठड्याचे उभे गज किंवा पट्ट्या यांच्यातलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. अमेरिकेच्या नियमात ही मर्यादा सव्वादोन इंचांच्या किंचित पुढे, म्हणजे सहा सेंटिमीटरच आहे. युरोपच्या नियमात साडेचार ते साडेसहा सेंटिमीटर अशी मर्यादा आहे. कारण साधं आहे. बाळ हलत-सरकत कठड्याला लागतं, पाय बाहेर जातात, मग कंबर जाते, छातीही जाते. डोकं मात्र जात नाही. ते अडकतं आणि अंग बाहेर लोंबकळतं. लहान बाळाचं डोकं हाच शरीराचा सर्वात मोठा भाग असल्यामुळे हे घडतं. रुंद फटीतून बाळ खाली पडेल एवढीच भीती लोकांना वाटते, खरी भीती अडकण्याची आहे.

टेप नसेल तर मोठ्या माणसाची तीन बोटं जाऊन चौथं बोट जात नसेल, तर अंतर साधारण बरोबर समजावं. पण हा अंदाज झाला. गज हाताने वाकवून बघावेत, कारण स्वस्त कॉटमधल्या पातळ पट्ट्या जोर दिला की फाकतात आणि पाचाचे सात सेंटिमीटर होतात.

डोक्याकडच्या फळीवर मोर, हत्ती, बदाम असं कोरलेलं असेल तर ती भोकंही याच मापात तपासावीत. चारही कोपऱ्यांचे खांब कठड्याच्या वर आलेले नकोत. पारंपरिक पाळण्याला गोंडे, पोपट, टोकं असतात. दिसायला छान, पण बाळ उभं राहायला लागलं की झबल्याचा गळा किंवा दोरा त्यातच अडकतो.

कठड्याची उंची गादीच्या वरून मोजायची, जमिनीपासून नाही. तळ सगळ्यात खाली असताना कठडा दोन फूट तरी वर हवा. तळ वरखाली करता येणारी कॉट घेतली तर पहिले काही महिने आईला वाकावं लागत नाही. सिझेरियन झालेल्या बाईला हा मोठा आराम आहे. मात्र बाळ बसायला लागण्याआधी तळ खाली घ्यायचा आणि ते धरून उभं राहण्याआधी अगदी शेवटच्या खाचेत. हे काम पुढे ढकललं जातं आणि एक दिवस बाळ कठड्यावरून तोल जाऊन खाली येतं.

एक बाजू सरकवून खाली करता येते अशा कॉट अजून विकायला दिसतात. दुकानदार ती सोय म्हणून दाखवतो. अमेरिकेत जून २०११ पासून असल्या कॉट विकायला बंदी आहे. कडी निसटली की बाजू एका टोकाने सुटते आणि गादी व कठडा यांच्यात जी फट पडते, तिच्यात बाळ घसरून गुदमरतं. चारही बाजू पक्क्या असलेलीच घ्यावी.

गादी कडक, बाकी काही नाही

इथे घरातल्या मोठ्यांशी थोडा वाद होण्याची शक्यता आहे. बाळ म्हटलं की मऊ बिछाना हवा, हे सगळ्यांच्या मनात पक्कं बसलेलं आहे. पण मऊ गादीत तोंड रुतलं तर तान्हं बाळ मान उचलून बाजूला घेऊ शकत नाही. आपणच सोडलेली हवा ते परत परत ओढत राहतं. म्हणून गादी अशी हवी की तळहाताने दाबून हात उचलला की खड्डा राहत नाही. ताज्या पिंजलेल्या कापसाची फुगीर गादी पहिल्या वर्षात नकोच. आकाराने ती कॉटमध्ये घट्ट बसली पाहिजे, गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. फट असेल तर तिथे उशी कोंबून काम भागवू नये. गादी बदलावी.

गादीवर एक ताणून बसवलेली चादर आणि त्यावर उताणं झोपवलेलं बाळ. बस्स. उशी नाही, लोड नाही, गोधडी नाही, कापसाची बाहुली नाही. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात ती राईची उशीसुद्धा झोपेच्या वेळी नको. एका बाजूने डोकं चपटं होतंय असं वाटलं तर बाळ जागं असताना, समोर बसून, थोडा वेळ पोटावर ठेवावं.

उताणं झोपवण्याचा सल्ला काही कालचा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तो १९९२ मध्ये दिला, १९९४ पासून तिथे मोहीम चालली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत साधारण निम्म्यावर आलं. नवं औषध नाही, यंत्र नाही, फक्त बाळाची बाजू बदलली. उताणं झोपलेलं बाळ उलटी करून गुदमरेल अशी भीती आजीला वाटते. पण निरोगी बाळ उताणं असलं तरी तोंडात आलेलं गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं.

कठड्याला आतून बांधायच्या कापसाच्या गाद्या, ज्यांना दुकानात बंपर म्हणतात, त्या सेटमध्ये फुकट मिळत असल्या तरी लावू नयेत. २०२२ मध्ये अमेरिकेने कायदा करून त्यांच्या विक्रीवर बंदी आणली.

थंडीचं काय, हा प्रश्न उरतोच. डिसेंबरात घाटाच्या कडेच्या गावांत पहाटे चांगलाच गारठा असतो. तेव्हा पांघरूण वाढवण्यापेक्षा अंगातले कपडे वाढवावेत. दुपट्यात गुंडाळायचं तर छातीपर्यंत, पाय हलतील एवढं सैल, आणि बाळ कुशीवर वळायला लागलं की गुंडाळणं बंद. टोपड्याची नाडी हनुवटीखाली घट्ट नको. दृष्टीचा काळा दोरा बांधायचाच असेल तर तो गळ्यात नको.

पाळणा, झोळी आणि बाज

पाळणा वाईट नाही. रडतं बाळ त्यात शांत होतं, आईला दोन घास खाता येतात. पण पाळणा डोळा लागेपर्यंत, रात्रभराची झोप सपाट जागेवर, असं धोरण ठेवलं तर बरं. स्टँडच्या पाळण्याला झोका थांबवण्याची खीळ हवी आणि थांबल्यावर तळ सपाट राहायला हवा. छताला टांगायचा असेल तर तुळईच्या किंवा अँगलच्या पक्क्या कडीला टांगावा. पंख्याच्या हुकाला कधीच नाही. बाळ हातावर जोर देऊन छाती उचलायला लागलं की पाळण्याचे दिवस संपले.

साडीची झोळी आणि स्प्रिंगला अडकवलेला कापडी झोळा यांची गोष्ट वेगळी आहे. त्यात बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि कोवळी श्वासनळी दुमडते. आवाज होत नाही, धडपड दिसत नाही, बाळ गाढ झोपलंय असंच वाटतं. तिरक्या झोपाळ्यांचाही धोका हाच. अमेरिकेत २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीला असे सुमारे ४७ लाख झोपाळे बाजारातून परत मागवावे लागले, कारण तीसहून जास्त बाळं त्यात दगावली होती.

ऊसतोडीला, खुरपणीला गेलेल्या बाईने झाडाला झोळी बांधू नये असं सांगणं सोपं आहे. तिला दुसरी जागा कुठे आहे? निदान बाळाचं तोंड उघडं आणि दिसेल असं ठेवावं, मान सरळ आहे ना हे सारखं बघावं आणि शक्य होईल तेव्हा सावलीत सतरंजीवर, कुणाच्या तरी नजरेखाली झोपवावं. बाळ उचललं की झोळी लगेच सोडायची. रिकाम्या झोळीत चार-सहा वर्षांची भावंडं गिरक्या घेतात, पीळ बसतो आणि गळ्याला फास लागतो. घरातल्या टांगलेल्या झोळीचंही तसंच.

बाळंतिणीच्या बाजेबद्दलही दोन शब्द. बाजेची वीण सैल पडली की मध्ये खोलगट होतं आणि आईच्या वजनाने बाळ तिच्याकडे घरंगळतं. वीण ताणून घ्यावी, बाळ भिंतीच्या फटीकडे ठेवू नये. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावायची पद्धत मात्र थांबलीच पाहिजे. त्या कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. शेक द्यायचा तर दार उघडं ठेवून, माणूस जागा असताना, आणि झोपण्याआधी शेगडी घराबाहेर.

रात्री बाळाची कॉट आईच्या अंथरुणाला लागून, हात पोचेल अशी असावी. निदान पहिले सहा महिने खोली एकच ठेवावी. अंगावर पाजणं सोपं जातं आणि बाळाचा आवाज लगेच कळतो. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल, किंवा शेजारी झोपणारं माणूस दारू वा विडी-सिगारेट ओढणारं असेल, तर एका अंथरुणात झोपवणं टाळावंच.

खेड्यातल्या घराला लागणाऱ्या दोन गोष्टी

शहरातल्या माहितीपत्रकात हे सापडत नाही. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो, चावल्याचं कित्येकदा कळतही नाही. म्हणून पाय असलेली, जमिनीपासून फूट-दीड फूट वर असलेली कॉट शेतातल्या घरात चैन नाही, गरज आहे. तिच्यावर चौकोनी मच्छरदाणी लावून कड गादीखाली चारही बाजूंनी दाबली तर डास, विंचू, साप सगळ्यांनाच अटकाव होतो. जाळी ताणलेली हवी, बाळाच्या तोंडावर लोंबणारी नको.

मुंग्यांसाठी पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात. चांगला उपाय आहे, फक्त ते पाणी दर दोन दिवसांनी ओतून वाटी घासावी. नाहीतर डेंग्यूचे डास कॉटखालीच तयार होतील.

जुनी कॉट आणि गावचा सुतार

नात्यातली, दोन-तीन बाळं वाढलेली कॉट शुभ मानून वापरतात. वापरावी, पण आधी सगळे नट-बोल्ट आवळून, कठडा हलवून बघावा. रंगाचे पोपडे निघत असतील तर सावध. दात येताना बाळ कठडा चावतं आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालणार नाही हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगाची खात्री नाही. वर टांगायचं खेळणं कारखान्यातलं असेल तर आयएसआय खूण बघून घ्यावं, १ जानेवारी २०२१ पासून ती बंधनकारक आहे. बाळ पाचेक महिन्यांचं झालं किंवा हातापायांवर उठायला लागलं की ते खेळणं काढून टाकावं.

हे सगळं वाचून वाटेल की महागडी कॉटच हवी. तसं नाही. गावचा सुतार ही कॉट करून देऊ शकतो आणि कित्येकदा ती दुकानातल्यापेक्षा दणकट होते. त्याला सांगायचं : आतून चार फूट बाय दोन फूट, गजांमध्ये पाच सेंटिमीटर, गादीच्या वर कठडा दोन फूट, सरकती बाजू नाही, कोपरे गोल, खिळे नाहीत, स्क्रू आणि बोल्ट. सागवान परवडत नसेल तर दुसरं वाळलेलं लाकूडही चालतं, ओलं नको, ते वाळताना फाकतं. रंग द्यायची गरज नाही. पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलं की झालं. गादी आधी आणावी आणि तिच्या मापाने कॉट करावी. उलटं केलं की फट राहते.

तेही जमत नसेल तर खोकं आठवावं. फिनलंडमध्ये सरकार १९३८ पासून गरीब आयांना आणि १९४९ पासून सगळ्यांना बाळंतपणाचं सामान पुठ्ठ्याच्या मजबूत खोक्यात देतं. तळाशी गादी असते आणि खोकं हाच बाळाचा पहिला बिछाना होतो. आपल्या राज्यानेही २०१९ मध्ये सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या पहिल्या बाळासाठी बेबी केअर किट सुरू केलं. सध्या ते आपल्याकडे मिळतंय का, हे अंगणवाडीताईंना विचारावं.

दुकानातून सुटी केलेली कॉट एसटीने किंवा टेम्पोने आणायची असेल तर ती तिथेच एकदा जोडून दाखवायला सांगावी आणि नट-बोल्टची पिशवी मोजून स्वतःच्या हातात ठेवावी. एखादा बोल्ट हरवला म्हणून तारेने बांधलेली कॉट वापरू नये. पक्कं बिल घ्यावं. वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आशाताई पहिल्या ४२ दिवसांत तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांना बाळाचं वजन बघू द्यावंच, शिवाय बाळ झोपतं ती जागाही दाखवावी. बाळ निळसर पडलं, श्वास लागला किंवा हलवूनही जागं होत नसेल तर वाट न बघता १०८ ला फोन करावा.