वलयांतले साल : हार्मंड्सवर्थचे धान्यकोठार

लंडनच्या हीथ्रो विमानतळालगतच्या हार्मंड्सवर्थ गावी ओकच्या लाकडाचे एक प्रचंड धान्यकोठार उभे आहे. लांबी सुमारे 60 मीटर, रुंदी 12 मीटर. विंचेस्टर कॉलेजने ते बांधविले. केव्हा, याची साक्ष लाकडानेच दिली.

ओकवृक्ष दरवर्षी एक वलय धरतो. अनुकूल वर्षी रुंद, प्रतिकूल वर्षी अरुंद. तुळईतील हा रुंद-अरुंद क्रम त्या प्रदेशाच्या ज्ञात क्रमाशी जुळला, की प्रत्येक वलयाला वर्ष लाभते. परंतु खरी मेख शेवटच्या वलयात आहे. मराठीत वर्षही ‘साल’ आणि झाडाची त्वचाही ‘साल’. येथे दोहोंचे नाते अक्षरशः खरे ठरते. सालीलगतचे वलय तासले गेले असेल, तर वृक्षतोडीचे नेमके वर्ष हाती लागत नाही. हार्मंड्सवर्थला ते लागले : 1424 च्या हिवाळ्यापासून 1426 च्या वसंतापर्यंत. ओक ओला असतानाच घडवीत, म्हणून बांधणीही त्याच सुमाराची.

उष्ण प्रदेशातील पुष्कळ वृक्षांत अशी स्पष्ट वार्षिक वलये नसतात. साग हा मोलाचा अपवाद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केरळातील सागाच्या वलयांतून गतकालीन मान्सूनचा मागोवा घेतला आहे. जुन्या वास्तूंच्या सागवानी तुळयाही अशाच वाचता येतील. पण वास्तू पाडल्यावर त्या वखारीत जातात आणि रंधा प्रथम फिरतो तो बाहेरच्याच थरावर.