यंत्र आणि जोडाक्षर

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या भिंतीवर वाकाटक राजा हरिषेण याचा अमात्य वराहदेव याचा संस्कृत शिलालेख आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचें औरंगाबाद, येथील पुष्कळ कुटुंबांनीं इसवी सनाच्या पांचव्या शतकांतील हा लेख सहलीच्या निमित्तानें पाहिला असेल; वाचला मात्र थोड्यांनींच असेल. त्यांतील अक्षरांकडे निरखून पाहिलें तर एक गोष्ट ध्यानांत येते. दोन व्यंजनें एकत्र आलीं कीं लेख कोरणारा दुसरें व्यंजन पहिल्याच्या खालीं बसवितो. याच जिल्ह्यांतील पितळखोऱ्याच्या त्याहून पुष्कळ जुन्या प्राकृत लेखांत असा प्रसंग क्वचितच येई, कारण प्राकृतांत जोडाक्षरें बेताचींच. संस्कृत दगडावर आलें तशी अक्षरांची ही उतरंड वाढली. तेलुगु व कानडी लिपींनीं ती रीत अजून सोडलेली नाहीं. देवनागरीनेंहि ‘क्र’, ‘प्र’, ‘ट्र’ यांच्या पायाशीं लागलेल्या रकाराच्या रूपानें तिची खूण जपली आहे.

कोरणाऱ्याच्या हाताला ही उतरंड अंगवळणीं पडली होती. यंत्रास ती शिकवावी लागली, आणि शिकवितांना राहिलेल्या एका चुकीनें २०१८ च्या फेब्रुवारी महिन्यांत देशोदेशींच्या लोकांचे आयफोन अडवून धरले.

छापखान्यांत जोडाक्षर म्हणजे बहुधा एक स्वतंत्र खिळा असे. घरांत ‘क्ष’चा खिळा आहे तोंवर जुळारी निश्चिंत. टंकलेखन यंत्रावर ही श्रीमंती नव्हती, म्हणून अर्धीं अक्षरें आणि पाय मोडण्याची खूण यांवर निभावून न्यावें लागलें. संगणकानें तिसराच मार्ग धरला. १९९१ मध्यें प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक वर्णसंकेतांत ‘क्र’ या आकृतीस स्वतःचा क्रमांक नाहीं. यंत्राच्या स्मृतींत क, हलन्ताची खूण आणि र एवढेंच एकापुढें एक ठेवलेलें असतें. मजकूर पडद्यावर दाखवावयाचा झाला म्हणजे अक्षरें जुळविणारा एक अंगभूत विभाग त्यांतून आकृति घडवितो. दगडावरचें अक्षर एकदां कोरलें कीं काम संपलें. पडद्यावरचें अक्षर मात्र मजकूर उघडेल तेव्हां पुन्हां घडवावें लागतें, आणि बिघाडाचें बीज येथेंच आहे.

त्या फेब्रुवारींत तेलुगु लिपींतील ‘ज्ञा’ या अक्षराचें एक विशिष्ट रूप निरोपांतून फिरूं लागलें. तें ज्याच्या फोनवर येई त्याचें निरोपांचें ॲप बंद पडे. हें ॲप बाहेरून आणून बसविलेलें नव्हे, तें फोनबरोबरच येतें. मालकानें तें पुन्हां उघडावें, क्षणभर पडदा दिसावा आणि ॲप मिटावें, असा क्रम चाले. फोन बंद करून चालू केला तरी तेंच. कारण असें कीं, ॲप उघडतांच आलेल्या निरोपांची मांडणी करूं लागे, त्यांत तें अक्षर असे, तें घडवितांना जुळणीचा विभाग कोसळे आणि आपल्याबरोबर सबंध ॲप घेऊन जाई. व्हॉट्सॲप, जीमेल हीं परक्यांचीं ॲपेंहि अक्षरें त्याच विभागाकडून जुळवून घेत, त्यामुळें तींहि सुटलीं नाहींत. सूचनेच्या पट्टींत तें अक्षर आलें तर फोनचा मुख्य पडदाच कोसळे. मॅक संगणकांचीहि हीच गत झाली.

अशा वेळीं पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, कीं दोष ॲपमध्यें आहे, का ॲपनें सांठविलेल्या मजकुरांत आहे? संगणकावर याची परीक्षा सोपी असते. त्याच यंत्रावर दुसरें कोरें खातें उघडावें. तेथें तें ॲप सुरळीत चाललें तर रोग सांठ्यांत आहे असें धरून चालावें. फोनवर ही सोय नव्हती. तेथें सुचलेला उपाय घरगुती होता. एखाद्या स्नेह्यास नवा निरोप पाठवावयास सांगावें, त्या निरोपाच्या वाटेनें ॲपमध्यें शिरावें, आणि दोषी संभाषण न उघडतां पुसून टाकावें. मागल्या दारानें घरांत शिरून पुढच्या दाराची आंतली कडी काढावी, तसाच हा प्रकार!

हा प्रसंग पहिला नव्हता. २०१५ च्या मे महिन्यांत एका इंग्रजी, अरबी व चिनी अक्षरांच्या खिचडीनें आयफोन असेच बंद पाडले होते. तींत देवनागरीचीहि एक मात्रा होती, आणि ती कोणती, तर दीर्घ ‘ॡ’ची! मराठींतील एकाहि शब्दांत हिचें काम पडत नाहीं. शाळेंतल्या मुळाक्षरांच्या तक्त्यांतूनहि ‘ॡ’ बहुधा बाहेर पडला आहे. वर्गांतून घालविलेल्या अक्षराची मात्रा अशी अवचित जगाच्या वेशीवर उभी राहावी, याची गंमत वाटते. त्या वेळीं ॲपलनें सांगितलेला तात्पुरता उपाय रेडिओ ऐकणारांस आवडण्याजोगा आहे. सिरी नांवाच्या बोलक्या साहाय्यकास न वाचलेले निरोप मोठ्यानें वाचावयास सांगावें, तिच्याच तोंडून उत्तर धाडावें, म्हणजे ॲप पुन्हां उघडूं लागेल. जें डोळ्यांस दाखवितां येत नव्हतें तें कानांवाटे काढून घ्यावयाचें, हें त्यांतलें मर्म.

२०१८ च्या वेळीं बहुतेक वृत्तांत तेलुगु अक्षराच्या माथीं दोष मारून मोकळे झाले. मोझिला संस्थेंतील अभियंते मनीष गोरेगावकर तेवढ्यावर थांबले नाहींत. निरनिराळ्या लिपींतील अक्षरें त्याच जागीं घालून कोणत्या जुळणीनें यंत्र कोसळतें आणि कोणत्या जुळणीनें कोसळत नाहीं, हें त्यांनीं तपासलें. व्यंजन, हलन्त, दुसरें व्यंजन, मग एक अदृश्य खूण, आणि शेवटीं स्वराची मात्रा, अशी पांच भागांची सांखळी त्यांच्या हातीं लागली. तेलुगूंत दुसरें व्यंजन कोणतेंहि चाले. बंगालींत र किंवा य लागे. देवनागरींत फक्त र, म्हणजे वर सांगितलेला पायाशीं बसणारा रकार! पहिलें व्यंजन मात्र र असतां कामा नये, कारण तो रफार होऊन डोक्यावर जातो व वाट बदलते. सारांश, दोष तेलुगूचा नव्हता. या तिन्ही लिपींत जेथें दुसरें व्यंजन पहिल्यास मागून वा खालून चिकटतें तेथें तो दबा धरून होता, आणि मराठी लिहिणाराहि त्याच्या टप्प्यांत होता.

ती अदृश्य खूण कोणती, हेंहि पाहिलें पाहिजे. दोन अक्षरें जोडूं नयेत असें यंत्रास सांगण्यासाठीं तिची योजना आहे. तिला रुंदी नाहीं. ‘वाङ्मय’ या शब्दांत ङ चा पाय मोडलेला स्वच्छ दिसावा म्हणून टंकलेखक ती हलन्तानंतर घालतात, आणि तेथें ती योग्यच असते. पण पूर्ण झालेलें जोडाक्षर आणि त्याची मात्रा यांच्या मध्यें तिला कांहींच काम नाहीं. तसें कोणी लिहीत नाहीं, म्हणून तसें कोणी तपासलेंहि नसावें. आपेगांव हें ज्ञानेश्वरांचें परंपरेनें मानलेलें जन्मस्थान पैठणाजवळच आहे. त्या नांवाचें तेलुगु लेखन याच ‘ज्ञा’नें सुरू होतें, आणि तें रोजच्या रीतीनें लिहिणाऱ्या आंध्रांतील वा तेलंगणांतील विद्यार्थ्याचा फोन कधींच बंद पडला नसता. तरीहि त्याच्या अक्षराची नालस्ती व्हावयाची ती झालीच. गोरेगावकरांच्या तपासाचें मोल या जागीं आहे. तेलुगु अक्षर अडवा, असा बंदोबस्त कोणी केला असता तर निरपराध शब्द अडकले असते, आणि बंगाली व देवनागरी सांखळ्या मोकळ्या राहिल्या असत्या.

ॲपलनें १९ फेब्रुवारी २०१८ रोजीं आयफोनसाठीं ११.२.६ ही दुरुस्त आवृत्ति काढली. मॅक, घड्याळें व दूरचित्रवाणीचे संच यांसहि त्याच दिवशीं दुरुस्ती मिळाली. स्मृतींत होणारा बिघाड, असें कंपनीनें दोषाचें वर्णन केलें, आणि आलेल्या मजकुराची तपासणी अधिक काटेकोर करून तो दूर केला. दोनच वर्षांनीं, २०२० च्या एप्रिलमध्यें, इटलीच्या ध्वजाचें चित्र व सिंधी अक्षरें एकत्र आलेला एक निरोप फिरूं लागला आणि आयफोन पुन्हां अडले. त्या खेपेस मे महिन्यांतील १३.५ या आवृत्तीपर्यंत वाट पाहावी लागली.